मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे फोटो काढताना

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा कॅमेऱ्याबद्दल असतो. संस्था मात्र सर्वांत आधी बालसुरक्षा धोरणाची प्रत पुढे करते. ती सही करून परत देण्यापूर्वी सावकाश वाचावी. मुलासोबत एकट्याने थांबू नये, त्याला पैसे किंवा भेटवस्तू देऊ नये, त्याचा फोन नंबर घेऊ नये, परवानगीशिवाय त्याचा फोटो स्वतःच्या समाजमाध्यमांवर टाकू नये, आणि मुलाला कोणी इजा करत असल्याचा संशय आला तर कॅमेरा बाजूला ठेवून संस्थेने नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी सांगावे, अशा स्वरूपाचे नियम त्यात असतात. अनेक संस्था चारित्र्य पडताळणीही करून घेतात आणि तिला वेळ लागतो, म्हणून ती कागदपत्रे आधीच जमवून ठेवलेली बरी. कामाचा नमुना म्हणून सुटे देखणे फोटो पाठवण्यापेक्षा एकाच विषयावरची दहा-बारा फोटोंची सलग कथा पाठवावी, कारण प्रत्यक्षात संस्थेला तीच हवी असते.

एवढी सावधगिरी कशासाठी, हे या कामाच्या इतिहासात डोकावले की कळते. लंडनमध्ये निराधार मुलांसाठी आश्रम चालवणारे थॉमस बर्नार्डो १८७० च्या दशकात एकाच मुलाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे जोडफोटो विकून निधी उभा करत. ‘आधी’च्या फोटोत मुले होती त्याहून अधिक दीनवाणी दाखवली जातात, असा आरोप झाला, प्रकरण लवादाकडे गेले आणि १८७७ मध्ये लवादाने या बनावाबद्दल त्यांना दोष दिला. आश्रमाचे काम खरे होते, मुलांची गरिबीही खरी होती. तरी फोटोतला खोटेपणा त्याने क्षम्य ठरला नाही. आजही ‘जरा जुने कपडे घालून उभे करता येईल का?’ अशी विचारणा दबक्या आवाजात होते. तिला तिथल्या तिथे नकार द्यावा.

संमतीच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात, कारण भरलेला फॉर्म हातात आला की काम झाले असे आपण धरून चालतो. मदत घ्यायला आलेल्या आईला संस्थेचे जॅकेट घातलेल्या माणसाला ‘नको’ म्हणणे जड जाते. नकार दिला तर मिळणारी मदत थांबेल की काय, ही भीती ती बोलून दाखवत नाही, नुसती मान हलवते. म्हणून मदतवाटपाच्या रांगेत संमती मागूच नये. शक्यतो वेगळ्या दिवशी, तिची भाषा बोलणाऱ्या कार्यकर्त्याने, छायाचित्रकार जवळ नसताना विचारावे आणि मदतीचा फोटोशी संबंध नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे. फोटो कोण पाहणार, कुठे छापला जाणार, किती वर्षे वापरला जाणार आणि पुढे नकोसा वाटला तर कोणाला कळवायचे, हे तिला समजले पाहिजे. ‘इंटरनेटवर जाईल’ एवढ्याने काही बोध होत नाही. आधीच्या कामाचे छापील पत्रक आणि तोच फोटो फोनवर उघडून दाखवला, की ‘हा आमच्या गावात दिसेल का?’ असे प्रश्न सुरू होतात. ते सुरू झाल्याशिवाय फॉर्म पुढे करू नये. छापलेला फोटो लोकांच्या घरातून परत आणता येत नाही, हेही याच वेळी सांगून टाकावे.

पालकांची संमती मिळाली तरी मुलाची वेगळी घ्यावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम १२ मुलाला आपले मत मांडण्याचा हक्क देते आणि कलम १६ त्याच्या खासगीपणाचे रक्षण करते. एकदा नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाला मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचे फोटो दाखवत होतो. एका फोटोवर त्याने बोट ठेवले आणि म्हणाला, “हा नको, यात माझं नाक वाहतंय.” नेमका तोच फोटो त्या दिवसाचा सर्वांत चांगला होता आणि आईने फॉर्मवर सहीही केलेली होती. तो मी त्याच्यासमोर पुसला. त्यानंतर तो दुपारभर माझ्या आसपास मोकळेपणाने वावरला, हा अनपेक्षित फायदा.

प्रत्यक्ष फोटो काढताना पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. पस्तीस आणि पन्नास मिलिमीटरच्या दोन लेन्स बहुतेक वेळा पुरतात. फ्लॅश टाळावा, शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करावा. गुडघ्यावर बसून मुलाच्या नजरेच्या उंचीवर यावे, कारण वरून काढलेल्या फोटोत कोणतेही मूल आहे त्याहून असहाय दिसते. पोर्ट्रेटसाठी ‘खिडकीजवळ उभा राहतोस का?’ असे विचारण्यात गैर काही नाही. मात्र घडून गेलेली गोष्ट पुन्हा करून दाखवायला लावू नये. छायाचित्रकार डेव्हिड सेमूर यांनी १९४८ मध्ये युनिसेफसाठी ऑस्ट्रिया, ग्रीस, हंगेरी, इटली आणि पोलंडमधील युद्धग्रस्त मुलांचे फोटो काढले, त्यांत हातपाय गमावलेली मुले खेळतानाही दिसतात. दुःख टिपताना मुलाचा बाकीचा दिवसही टिपायचा असतो, हे शिकण्यासाठी ते फोटो जरूर पाहावेत.

लैंगिक अत्याचार, एचआयव्ही, सशस्त्र टोळ्यांतून सुटका किंवा कायद्याशी आलेला संघर्ष, यांपैकी काही असेल तर मुलाची ओळख पूर्ण लपवावी लागते. येथे माझी एक चूक सांगतो. एका मुलीला उजेडाच्या खिडकीकडे पाठ करून बसवले आणि चेहरा काळा दिसतो आहे याची खात्री करून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला सगळा तपशील जपणारी मूळ फाइल, संस्थेकडे पाठवली. तिथल्या एका सहकाऱ्याने संगणकावर सावल्यांची पट्टी सहज उजवीकडे सरकवली, तर नाक, ओठ, डोळ्याखालचा तीळ, सगळे हळूहळू वर आले. सुदैवाने फाइल बाहेर गेली नव्हती. तेव्हापासून अशा फोटोची रॉ फाइल मी देत नाही. काळा भाग पूर्ण काळा करूनच जेपीईजी देतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे चेहरा चौकटीत घेऊच नये: हात, वही, चपला, पाठमोरी आकृती यांवर काम भागते. मात्र गणवेशावरचा बिल्ला, शाळेची पाटी, गोंदण, गावात एकाच घराला असलेला निळा दरवाजा यांवरून शेजारी मुलाला अचूक ओळखतात. फाइलमध्ये आपोआप नोंदले जाणारे जीपीएस स्थान काढून टाकावे आणि फाइलच्या नावात मुलाचे नाव घालू नये.

फोटोओळ त्याच रात्री लिहावी, दुसऱ्या दिवशी तपशील एकमेकांत मिसळतात. अमेरिकेत १९०८ पासून नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी बालकामगारांचे फोटो काढणारे लुइस हाइन मुलांची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजत आणि खिशातल्या खिशात टिपणे करत. त्यांच्या फोटोंना पुराव्याचे वजन आले ते या नोंदींमुळे. कोण, काय, कधी आणि साधारण कुठे, एवढे लिहावे. मुलाचे नाव आणि गावाचे नाव एकत्र देऊ नये आणि नाव बदलले असेल तर बदलल्याचे नमूद करावे. ‘डोळ्यांत उद्याची आशा’ यासारखी वाक्ये वगळावीत. आशा होती की झोप, हे आपल्याला माहीत नसते.

करारात फोटोंचे हक्क कोणाकडे, वापराची मुदत किती, तिसऱ्या पक्षाला फोटो देता येतील का आणि कुटुंबाने संमती मागे घेतल्यास संग्रहातून फोटो कोण काढणार, हे लेखी असावे. प्रत्येक संमतिपत्राला क्रमांक देऊन तोच फोटोच्या माहितीत नोंदवला, तर पाच वर्षांनी कोणी ‘आमचा फोटो काढून टाका’ म्हणून आले तरी तो शोधता येतो. मुलांना त्यांच्या फोटोंचे प्रिंट पाठवण्याचा खर्चही अंदाजपत्रकात आधीच धरावा आणि प्रिंट पाठवताना ज्यांचे फोटो निवडले गेले नाहीत त्या मुलांचेही पाठवावेत, कारण आपला फोटो आला का, असे तीही विचारत असतात.