प्रोग रॉकच्या नव्या अल्बमवर लिहिताय? या चुका टाळा

प्रोग्रेसिव्ह रॉक आणि प्रायोगिक संगीताचे नवे अल्बम ऐकून लिहिणारी बरीच मुलं आपली परीक्षणं आधी माझ्याकडे पाठवतात. कान चांगले असतात, भाषाही बरी असते. तरी दर महिन्याला त्याच जागी लाल खुणा करून मी खरंच थकले आहे, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक लिहिताना नाही, ऐकताना होते. एका मुलाने एका अल्बमबद्दल लिहिलं होतं की प्रत्येक गाणं पुढच्या गाण्यात अलगद विरघळतं, कुठेही सांधा जाणवत नाही. वाक्य सुरेख होतं. पण तो अल्बम माझ्याकडे सीडीवर होता आणि तिसऱ्या गाण्यानंतरची चार सेकंदांची शांतता मला पक्की आठवत होती. आधी एवढा कल्लोळ, मग एकदम काहीच नाही. ती शांतता अंगावर येते. मी त्याला फोन करून ॲपची सेटिंग उघडायला लावली. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपत असतानाच पुढचं त्यात मिसळणारी सोय, चालू होतं, १२ सेकंदांवर. कधीतरी मित्रांच्या पार्टीत लावलेलं, ते तसंच राहून गेलेलं. म्हणजे त्याने ज्या सांधेजोडीचं कौतुक केलं ती बँडने केलीच नव्हती, आणि बँडने मुद्दाम ठेवलेली जागा त्याच्या कानांपर्यंत पोचलीच नव्हती. अख्खं परीक्षण पुन्हा लिहावं लागलं.

तेव्हापासून नवा अल्बम लावण्याआधी मी क्रॉसफेड शून्यावर आणते, शफल आणि इक्वलायझर बंद करते. ऑटोप्लेसुद्धा बंद. ते चालू राहिलं तर शेवटचा सूर विरायच्या आत दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं सुरू होतं. लोकलमध्ये ऐकायला माझी ना नाही, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका.

आवाज फाटल्यासारखा वाटला तर लगेच हेडफोनला दोष देऊ नका. रश या बँडचा २००२चा ‘व्हेपर ट्रेल्स’ मुळातच इतका चढा आणि दाबलेला निघाला होता की २०१३ मध्ये अख्खा अल्बम नव्याने मिक्स करून काढावा लागला. दुसऱ्या हेडफोनवर ऐकून बघा. तिथेही फाटत असेल तर बिनधास्त लिहा.

प्रसिद्धिपत्रकातली वाक्यं उचलू नका. लगेच कळतं.

‘किंग क्रिमसन या बँडची आठवण येते’ असं लिहिलंत तर कोणत्या काळातल्या किंग क्रिमसनची, तेही सांगा. १९६९च्या पहिल्या अल्बममधला मेलोट्रॉनचा (टेपवरचे आवाज वाजवणाऱ्या कीबोर्डचा) दाट पडदा वेगळा आणि १९८१च्या ‘डिसिप्लिन’मधल्या एकमेकींत गुंतणाऱ्या दोन गिटारी वेगळ्या. नाव तेच असलं तरी वाचणाऱ्याला नुसत्या नावातून काहीच कळत नाही.

आता घाईबद्दल. प्रोग रॉकवाल्या स्टीव्हन विल्सनचा ‘द ओव्हरव्ह्यू’ १४ मार्च २०२५ला आला. दोनच रचना, मिळून साधारण ४२ मिनिटं. अशा अल्बमवर त्याच संध्याकाळी परीक्षण लिहून मोकळं व्हायची घाई मला समजत नाही. वीस-वीस मिनिटांच्या रचनेत आधी येऊन गेलेली धून वेगळ्या रूपात परत येते, तेव्हा ती ओळखायला आधी कानात मुरलेली असावी लागते. पहिल्याच फेरीत ते होत नाही. मी तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकते. पहिल्या दिवशी पेन हातात घेत नाही. दुसऱ्या दिवशी वही घेते, पानावर उभी रेघ मारते, डावीकडे मिनिटं आणि उजवीकडे काय घडलं ते: ‘ड्रम थांबले’, ‘बास एकटाच’, ‘मघाची धून, पण संथ’. तिसऱ्या दिवशी गीतांचे शब्द समोर ठेवून. पहिला नंबर लावायचाच असेल त्यांनी तीन मिनिटांच्या गाण्यांवर लिहावं, तिथे घाई खपून जाते.

आणि मात्रा मोजणं म्हणजे परीक्षण नव्हे. हे ७, ते ११, मधे ५, अशी यादी देऊन मुलं थांबतात. आपल्याकडे त्यात आणखी एक सवय भिनली आहे: सात मात्रा दिसल्या की ‘हा तर रूपक ताल’ म्हणायचं. रूपकची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर येते, ‘ती ती ना’ने. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’ या गाण्यात मात्रा सातच आहेत, पण बास पहिल्याच मात्रेवर पाय रोवून उभा राहतो. दोन्हींचं वजन निराळं आहे. त्यापेक्षा हे ऐका: त्याच गाण्यात सॅक्सोफोन सातातच वाजतो, मग गिटारचा सोलो सुरू होतो तसं गाणं चारात येतं. इतका वेळ लंगडत चाललेलं गाणं एकदम मोकळं धावू लागतं, आणि सोलो संपला की पुन्हा सातात अडकतं. ‘७/४’ एवढं लिहून हे वाचकापर्यंत पोचत नाही.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त लागते. एकाच सुरावर रेंगाळणारा ड्रोनचा अल्बम आला की ‘यात काहीच घडत नाही’ असं लिहून मोकळं होणं. या संगीताचा एक मोठा झरा आपल्याकडूनच गेला आहे. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७०मध्ये अमेरिकेत गेले; ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांचे शिष्य. ज्या प्रांतात मिरजेचे तानपुरे बनतात तिथल्या कानांनी तरी अशी तक्रार करू नये. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. ड्रोनमध्ये तसंच काहीतरी शोधायचं असतं. मी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवते, दिवा मालवते आणि पहिली दहा मिनिटं काही ठरवत नाही. मग हळूहळू वरचे सूर सुटे होऊ लागतात, मान जरा वळवली तरी आवाजाचा रंग बदलतो. वीस मिनिटांनंतरही काही हाती लागलं नाही तर तसं जरूर लिहा. फक्त कितव्या मिनिटाला बंद केलंत, तेही लिहा.