मधुमेह आणि पोटाच्या तक्रारी : या चुका टाळा

मधुमेही रुग्णांना आहाराचा सल्ला देण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे. पोटाच्या तक्रारीला ‘पित्त’ हे एकच नाव देऊन घरच्या घरी सोड्याची पूड घेत राहणे, ही मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी चूक आहे.

अठरा वर्षे मधुमेह असलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले, तेव्हा चार घासांतच त्यांचे पोट गच्च होत असे आणि रात्रभर करपट ढेकर येत असत. सहा महिने त्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्यांवर काढले होते. जेवणाआधी इन्सुलिन घेतल्यावर तासाभरात त्यांना दरदरून घाम फुटत असे, आणि मध्यरात्री मात्र साखर 280 च्या पुढे जात असे. रात्रीचा तो आकडा पाहून त्यांनी इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने वाढवला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावरच ते बेशुद्ध पडले. सकाळच्या उलटीत आदल्या रात्रीच्या मेथीची पाने ओळखू येत होती, ही गोष्ट त्यांच्या पत्नीने अगदी संकोचत सांगितली आणि तिथेच आजाराचा माग लागला.

दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे जठराची हालचाल चालवणारी व्हेगस नस दुबळी होते आणि अन्न पुढे सरकत नाही. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. इन्सुलिन आपल्या वेळेवर काम करते, पण अन्नातली साखर रक्तात उशिरा उतरते. एंडोस्कोपीत अडथळा नसल्याची खात्री करून नंतर स्कॅन करतात; खाल्ल्यावर चार तासांनीही दहा टक्क्यांहून अधिक अन्न जठरात उरले असेल, तर निदान पक्के होते. अशा रुग्णाला कच्ची कोशिंबीर, मोड आलेली मटकी आणि इसबगोल यांचा आग्रह करू नये, कारण चोथा जठरात साचून राहतो. मऊ, कमी तेलाचे अन्न थोडे थोडे करून पाच-सहा वेळा द्यावे, आणि इन्सुलिनची वेळ डॉक्टरांनीच बदलावी. मी प्रत्येकाला वहीत तीन रकाने आखायला लावते : खाल्ल्याची वेळ, त्रासाची वेळ आणि त्या क्षणाची साखर. ही वही कंटाळवाणी वाटते, परंतु तिच्याशिवाय मी सल्ला देत नाही.

दुसरी चूक उतावळ्या नव्या रुग्णांची. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने जुलाब किंवा गॅस झाला, की चौथ्या दिवशी गोळी बंद होते आणि डॉक्टरांना तीन महिन्यांनी कळते. ही गोळी जेवणासोबत घ्यावी, डोस हळूहळू वाढवून घ्यावा. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत शमतो, आणि नाहीच शमला तर सावकाश विरघळणारी एसआर गोळी मागावी. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

व्होग्लिबोज हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्याची साखर घसरली, तर घरातली साखर नव्हे, ग्लुकोज पावडर द्यावी, कारण हे औषध साध्या साखरेचे पचन लांबवते.

उलट्या होत असताना ‘काही खाल्लेच नाही’ म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करू नये. उलट्या आणि पोटदुखी हेच इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचण्याचे, म्हणजेच कीटोअ‍ॅसिडोसिसचे लक्षण असू शकते.

मधुमेहात हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीत न दुखताही येतो, म्हणून वरच्या पोटात दाब, घाम आणि धाप एकत्र आल्यास गॅसची गोळी शोधत न बसता आधी ईसीजी काढावा.