आंब्याच्या लाकडात काळ्या रेघा कशा आणाव्यात?

बांधावर पावसात पडून राहिलेली आंब्याची फांदी चिरली, की कधी कधी आत काळ्या नागमोडी रेघा निघतात आणि मधलं लाकूड फिकट पडलेलं असतं. चुलीत जाणारं हे लाकूड शोभेचे वाडगे कातण्यासाठी मोलाचं आहे. याला स्पाल्टिंग म्हणतात. हे बुरशीचं काम. काही बुरशा लाकडाचा रंग उडवतात. दोन वसाहती समोरासमोर आल्या की आपापल्या हद्दीवर मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचं काळं कुंपण घालतात. आपल्याला ही कूज सुरू करायची आहे आणि लाकूड भुसभुशीत होण्याआधी थांबवायची आहे.

लाकूड फिकट रंगाचं हवं. आंबा सगळ्यात सोयीचा. सागवान-बाभळीचा गाभा घेऊ नका. त्यात बुरशी सहसा धरत नाही, आणि धरली तरी गडद रंगात रेघ दिसत नाही. काटेसावर लवकर रंगते, पण तितक्याच लवकर स्पंजासारखी होते. आंबा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहे, म्हणून उभं झाड पाडायचं तर आधी परवानगी घ्या. वाडग्यापुरतं लाकूड वादळात मोडलेल्या जाड फांदीतूनही निघतं.

काम मृगाच्या पावसानंतर मांडा. या बुरशांना साधारण २० ते ३० अंश तापमान मानवतं. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या ४५ अंशांत बुरशी थांबते आणि ओंडका मात्र तडकतो. १० इंची वाडग्यासाठी १२ इंच जाडीचा, १६ इंच लांबीचा ताजा ओंडका घ्या. दोन्ही तोंडांचे तीन-तीन इंच चिरा पडून वाया जातात. साल राहू द्या, ती ओल धरते. आंब्याचा चीक अंगावर उततो, म्हणून हातमोजे घाला.

जागा सावलीची हवी, गोठ्याच्या भिंतीलगत चालेल. ओंडका थेट मातीवर ठेवला तर बुरशीआधी उधई पोहोचते. विटांवर तळाला भोकं पाडलेलं घमेलं ठेवा, त्यात तीन इंच ओला पालापाचोळा आणि भुसा भरा आणि ओंडका उभा करा. आता विरजण: काळ्या रेघा असलेल्या दोन वेगवेगळ्या जुन्या लाकडांचे तुकडे आणा. एकाचे ओंजळभर तुकडे खाली भुशात मिसळा, दुसऱ्याचे वरच्या तोंडावर ओल्या भुशासोबत इंचभर थरात पसरून तरटाने बांधा. दोन ठिकाणचं विरजण यासाठी, की रेघ हद्दीवरच उमटते. युरिया किंवा गुळाचं पाणी घालायची गरज नाही. बुरशीचं अन्न लाकडातच असतं. वरून ओलं तरट गुंडाळा आणि त्यावर धुतलेलं खताचं पोतं खालून मोकळं ठेवून घाला.

बहुतेकांचं काम ओलीत बिघडतं. घमेल्यातला भुसा मुठीत दाबून पाहा: गोळा बनावा, पण थेंब गळू नये. पाणी गळलं तर ओल जास्त आहे, आणि पाण्याने भरलेल्या लाकडात हवा शिरत नाही. आंबट वास आणि बुळबुळीतपणा ही त्याची खूण. पोतं काढून दोन दिवस वारा लागू द्या. लाकडातली ओल २० टक्क्यांखाली गेली तर बुरशी निपचित पडते, म्हणून पावसाने उघडीप दिली की दर तीन-चार दिवसांनी तरटावर पाणी शिंपडा. सालीवर हिरवी भुकटी दिसली तर घाबरू नका, ती वरवरची असते. आतलं लाकूड आधी राखाडी-निळसर झालं तरी हरकत नाही. तो डाग पाडणारी बुरशी लाकडाची ताकद फारशी खात नाही.

सहा आठवड्यांनी एका तोंडाची इंचभर चकती कापून पाहा, मग दर १५ दिवसांनी. चकतीत दाभण टोचा. घट्ट बसलं आणि रेघा दिसत असतील तर थांबा म्हणजे थांबाच. आणखी रेघांचा मोह वाडगा घालवतो. दाभण लोण्यात शिरावं तसं शिरलं, तर लाकूड गेलं. मृगातला ओंडका बहुधा पोळ्याच्या आसपास तयार होतो, मात्र प्रत्येक खोडाचा वेग वेगळा.

लगेच ओंडका मध्यातून, केंद्रबिंदू (खोडाचा अगदी मधला गाभा) काढून, उभा चिरा. त्याच दिवशी लेथवर वाडगा जाड कातून ठेवा: १० इंची वाडग्याला एक इंच जाडीची भिंत. काठाला आणि जिथे लाकडाच्या धाग्यांची टोकं उघडी पडतात त्या भागाला मेण लावा आणि घरात, वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात तो नक्की तडकेल. दर आठवड्याला वजन लिहा. सलग तीन आठवडे वजन तेच भरलं की वाळला.

शेवटच्या कातणीत मऊ भाग उचकटतात. एक लिटर स्पिरिटमध्ये १०० ते १२० ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे) विरघळवून ते दोनदा पाजा, वाळू द्या आणि नुकत्याच धार लावलेल्या हत्याराने हलके पापुद्रे काढा. फारच मऊ ठिपक्यांवर पातळ सुपरग्लू. घासताना उडणाऱ्या धुळीत बुरशीचे कणही असतात. एन-९५ मास्क लावा, पंखा पाठीमागून बाहेरच्या दिशेला ठेवा. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे लाकूड घासूच नये.