प्लग हाताने बसवायचा, पाना फक्त शेवटी

मायक्रोलाइटवाले, म्हणजे छोटी हलकी विमानं उडवणारे, माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांनी कधीतरी आरएक्स-१०० किंवा बजाज स्कूटरचा स्पार्क प्लग स्वतः खोललेला असतो, आणि अडचण तिथूनच सुरू होते. "प्लगच तर आहे, त्यात काय!" असं म्हणतच पाना हातात येतो. खाली लिहितोय ते रोटॅक्स कंपनीच्या दुहेरी इग्निशनवाल्या, म्हणजे ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असलेल्या, ५०३ आणि ५८२ या इंजिनांबद्दल. दोन सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे एकूण चार. बाकी टू-स्ट्रोकलाही रीत हीच, आकडे मात्र त्या-त्या मॅन्युअलचे घ्या.

आधी प्लगवरची अक्षरं वाचा. एनजीकेचा बी८ईएस घेतला तर बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ८ म्हणजे हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते), आणि ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. स्कूटर-मोटारसायकलच्या दुकानात मिळणारे एचएसवाले प्लग याच १४ च्या भोकात मजेत बसतात, पण त्यांचे आटे १२.७ मिलिमीटर लांबीचेच. बाहेरून फरक कळत नाही. आत मात्र इलेक्ट्रोड भोकातच दबून राहतो, हेडचे खालचे आटे उघडे पडतात आणि त्यांत कार्बन भरतो. पुढे कोणी बरोबर लांबीचा प्लग लावायला गेला की तो अर्ध्यात अडतो, आणि जोर लावला की हेडचे आटे जातात. उलट प्रकारात, छोट्या हेडला लांब प्लग लावला, तर पिस्टनशी गाठ.

हीट रेंजमध्येही एक गोम आहे. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड. बॉशचं बरोबर उलटं. "जवळपासचा नंबर दे" असं दुकानात म्हणू नका. बीआर८ईएसमधला आर म्हणजे आत रेझिस्टर. आर हवा की नको हे तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलवर आणि प्लगवर बसणाऱ्या वायरीच्या कॅपवर ठरतं. स्वतःच्या मर्जीने बदललंत तर रेडिओत खरखर येऊ शकते. प्लगच्या डोक्यावरचं टर्मिनल एकसंध असलेला मागा. स्क्रूने निघणारी टोपी थरथरीने सैल होते आणि ठिणगी कॅपच्या आतच उडत राहते. नकली मालही बराच आहे. वॉशर बोटांनी सहज फिरवून निघून आला तर तो प्लग मी परत करतो.

आता काम. इंजिन पूर्ण गार हवं. अ‍ॅल्युमिनियमच्या गरम हेडमधून प्लग काढला की आटे सोबत येण्याची भीती असते. दोन्ही स्विच बंद करा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. या इंजिनांत स्विच बंद करणं म्हणजे इग्निशन अर्थिंगला जोडणं. ती वायर कुठे तुटली असेल तर स्विच बंद असूनही इंजिन जिवंत असतं. म्हणून चारही कॅप काढल्याशिवाय विमानाच्या पंख्याला (प्रोपेलरला) हात लावायचा नाही. कॅप काढताना कॅपच धरा, वायर ओढू नका, आणि कुठली कुठे होती ते टेपवर लिहून चिकटवा.

प्लग खोलण्याआधी त्याच्या बुडाशी हवा मारा. तिथे वाळू, गवत, कधी कुंभारमाशीचं घरसुद्धा सापडतं. ते सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टनला आणि बोअरला चरे.

नव्या प्लगची गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली फट, मोजायचीच. डब्यातून येतो तेव्हा ती बहुधा जास्त असते, रोटॅक्सला ०.४ ते ०.५ मिलिमीटर लागते. गॅप मोठी राहिली की दोरी ओढून हात दुखतात आणि इंजिन काही पेटत नाही, कारण कमी फेऱ्यांवर इग्निशनचा विजेचा दाबही कमी असतो. बाजूचा इलेक्ट्रोड हलक्या हाताने वाकवा. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊन उचकटलंत तर आतली चिनीमाती तडकते, आणि ती तडक डोळ्यांना दिसत नाही.

बसवताना माझं आवडतं हत्यार म्हणजे पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा. प्लगच्या पांढऱ्या भागावर तो घट्ट बसवायचा आणि पाइपनेच प्लग फिरवायचा. आधी उलटा फिरवा. बारीकसा 'टक्' जाणवला की आटे समोरासमोर आले. मग सरळ. आटे तिरके पकडले तर पाइप प्लगवरच घसरतो, हेडला काही होत नाही. पाना असा कधी घसरत नाही, तो आटे कापत पुढे जातो. प्लग वॉशर टेकेपर्यंत नुसत्या पाइपने गेलाच पाहिजे. मध्ये अडला तर बाहेर काढा, आटे पुसा, गरज पडली तर ग्रीस लावलेला टॅप (आटे साफ करायचं हत्यार) हाताने फिरवून कचरा बाहेर काढा.

त्यानंतर टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना: २७ न्यूटन-मीटर, जुन्या मापात साधारण पावणेतीन किलोग्रॅम-मीटर. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग वॉशर टेकल्यावर अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत. तोच प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो. मग फेऱ्याचा बारावा भाग पुरे. लोक गफलत करतात ती इथेच. आट्यांना तांब्याची पेस्ट फासायची काहींना हौस असते. ती लावली की घर्षण कमी होतं आणि तोच २७ चा आकडा प्रत्यक्षात जास्त आवळतो. मॅन्युअल सांगत नसेल तर कोरडे आटे बरे.

हवेने गार होणाऱ्या ५०३ वर प्लगखाली तापमानाच्या सेन्सरची कडी असते. आवळताना ती प्लगसोबत फिरते आणि तिची वायर फिन्सवर घासून मानेशी तुटते. एका हाताने कडी मोकळ्या दिशेला धरा, दुसऱ्याने आवळा. कडीसोबत प्लगचा वॉशर ठेवायचा की काढायचा हे सेन्सरच्या कागदावर असतं. जिथे जिथे कडी आहे तिथे एकसारखंच करा.

कॅप लावताना टेप वाचा. प्रत्येक इग्निशन दोन्ही सिलिंडरना एकेक ठिणगी देतं. एकाच इग्निशनच्या दोन्ही वायरी एका सिलिंडरवर गेल्या तर इंजिन दोन्ही स्विचवर गोड चालतं. एक स्विच बंद केला की एक सिलिंडर मरतो आणि सगळं विमान थडथडतं. म्हणून विमान बांधून ठेवून दोन्ही इग्निशन एकेक करून तपासल्याशिवाय काम झालं असं मी लिहीत नाही. ठिणगी बाहेर बघायची असेल तर प्लगचं बूड हेडला पक्कं टेकवा. अर्थिंगशिवाय ठिणगी काढली तर इग्निशनचं युनिटच जळू शकतं.

जुने प्लग सिलिंडरप्रमाणे मांडून बघा. फिका तपकिरी चांगला. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा कुठून तरी शिरतेय. चिनीमातीवर चमकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. त्या इंजिनाला उडू देऊ नका. काळा ओला दिसला तर लगेच कार्बुरेटरला दोष नको, लांबच लांब टॅक्सी केली (विमान जमिनीवरून चालवलं) तरी तो तसाच दिसतो. इंजिन उलटं टांगलेलं असेल तर ऑइल खाली प्लगवरच उतरतं, तिथे थोडी सूट द्या. इंजिन २५ तास चाललं की रंग कितीही छान असला तरी चारही नवे, आणि लॉगबुकात प्लगचा पूर्ण नंबर अक्षरांसकट लिहायचा.