कांद्याच्या मुळातील पेशीविभाजन: या चुका टाळा

सूत्री विभाजनाच्या (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या) प्रात्यक्षिकात 'सर, काहीच दिसत नाही' ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाला दोष दिला जातो, पण बहुधा मुळाचा भलताच भाग काचपट्टीवर आलेला असतो. पेशी विभागतात त्या मुख्यतः मुळाच्या टोकाकडील एक-दोन मिलिमीटर भागात. त्याच्या वरच्या पेशी केवळ लांब होत जातात. एका परीक्षेत अख्ख्या तुकडीने लांब मुळांचे तुकडे करून पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या अल्कोहोल व ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडच्या एकाच बाटलीत टाकले, आणि टोकाचा तुकडा कोणता हे नंतर कोणालाच सांगता येईना. काचपट्ट्यांवर लांबट पेशींखेरीज काही नव्हते; तरीही प्रत्येक उत्तरपत्रिकेत चारही अवस्था सुबक रेखाटलेल्या होत्या आणि दोन्ही ध्रुवांवर सेंट्रिओलही (प्राणिपेशीतील सूक्ष्म अंगके) विराजमान होते! कांद्याच्या पेशीत सेंट्रिओल नसतातच, गुणसूत्रे ओढणारे तर्कुतंतू त्यांच्यावाचून तयार होतात. पुस्तकातील प्राणिपेशी उतरवणारा येथेच सापडतो. मी मूळ टोकापासून सेंटीमीटरभरच घेतो आणि मागची बाजू तिरपी कापतो, म्हणजे घोळ उरत नाही.

दुसरी चूक निव्वळ घाईची. मूळ 60 अंश सेल्सिअसच्या एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे दहा मिनिटे ठेवल्याशिवाय पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत. हा वेळ वाचवणारे पुढे पेशी पसरवण्यासाठी दाबताना अंगठ्याचा जोर वाढवतात आणि कव्हरस्लिप फोडतात. दाब सरळ खाली द्यावा. कव्हरस्लिप सरकली की पेशी गुंडाळल्या जातात. गुणसूत्रे रंगवणारे ॲसिटोकार्मिन कोमट करावे, उकळू नये.

मोड येऊ नयेत म्हणून विकिरण केलेला कांदा घेऊ नये. लासलगावच्या विकिरण केंद्रात गॅमा किरणांनी कोंबातील पेशींचे विभाजनच रोखले जाते.

मोजणीतही गफलत होते. विभाजनापूर्वीच्या एस टप्प्यात डीएनए दुप्पट होतो, गुणसूत्रे मात्र 16च राहतात. पश्चावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या तिसऱ्या अवस्थेत, अर्धगुणसूत्रे (प्रत्येक गुणसूत्राचे दोन जुळे धागे) विलग झाल्यावरच पेशीत 32 मोजता येतात.

बहुतेक पेशींत अखंड, गोल केंद्रक दिसले म्हणून काचपट्टी फेकून देणाऱ्यांना माझ्याकडे दुसरी मिळत नाही. पेशीचक्राचा बराचसा काळ इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांमधल्या टप्प्यातच, जातो, त्यामुळे तसे दिसणे स्वाभाविक आहे. आधी 10 एक्सच्या वस्तुभिंगाखाली गडद रंगलेला, लहान चौकोनी पेशींचा पट्टा शोधावा आणि मगच 40 एक्सकडे वळावे.