दाब ओळखणारा डग्गा मोबाइलवर बनवताना या चुका टाळा

मराठवाड्यात गावोगावच्या भजनी मंडळांत वाढलेली जी मुले आज ॲप बनवायला शिकत आहेत, त्यांना आपला डग्गा मोबाइलवर आणावासा वाटणे स्वाभाविक आहे आणि तो प्रयत्न मोलाचाही आहे. मात्र डग्ग्याचा खरा प्राण 'घे' या बोलाच्या घुमाऱ्यात असतो. बोटांचा आघात होताच मनगटालगतच्या तळव्याने पुडीवर दाब दिला, की नाद खालून वर चढतो. हा दाब काचेवर आणतानाच बहुतेक चुका होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फोन दाब मोजतो असे गृहीत धरणे. बहुतेक टचस्क्रीनना केवळ स्पर्श कळतो, त्यामागचा जोर कळत नाही. ॲपलने २०१५ मध्ये आयफोन ६एसमध्ये 'थ्रीडी टच' ही दाब मोजणारी सोय दिली होती, पण २०१९ च्या आयफोन ११ मध्ये ती काढून टाकली. अँड्रॉइडमध्ये स्पर्शाचा दाब विचारणाऱ्या 'गेटप्रेशर' या आज्ञेकडून साधारणपणे ० ते १ मधला आकडा मिळतो. परंतु अनेक फोनवर तो कायम १ असतो, किंवा बोटाच्या टेकलेल्या क्षेत्रफळावरून काढलेला असतो. म्हणून ॲप पहिल्यांदा उघडताच वादकाला एकदा हलके आणि एकदा जोरात दाबायला सांगावे. आकडा हललाच नाही, तर स्वराची चढण बोट सरकवण्यावर सोपवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. आकडा हलत असेल, तर त्याच चाचणीतून त्या हाताची किमान आणि कमाल मर्यादा ठरवावी, कारण लहान मुलाचे बोट, शेतात राबलेला अंगठा आणि मे महिन्यातला घामेजलेला हात यांना एकच मोजमाप लागू पडत नाही.

आघाताचा जोर पहिल्याच आकड्यावरून ठरवू नये. बोट नुकतेच टेकत असल्याने जोराची थापही त्या क्षणी हलकीच दिसते. आणि पुढच्या आकड्यांची वाट पाहावी, तर नादाला उशीर होतो. आयपॅडवरील गॅरेजबँड या ॲपलच्या संगीत-ॲपने यासाठी ॲक्सेलरोमीटरचा आधार घेतला, म्हणजे थापेने उपकरणाला बसणारा हादरा मोजला. हा उपाय चांगला आहे, पण फोन टेबलावर आणि सतरंजीवर ठेवून, दोन्हीकडे तपासावा.

डग्ग्यासारखाच तळवा टेकवू द्यावा, हा मोहही टाळावा. एवढा मोठा स्पर्श फोनला चुकून झालेला वाटू शकतो आणि तो रद्द केला जातो. रद्द झाल्याची ती सूचना प्रोग्रामने हाताळली नसेल, तर नाद अडकून वाजतच राहतो.

घुमाऱ्यात करकर ऐकू येत असेल, तर दाबाचे आकडे थेट स्वराला जोडलेले आहेत असे समजावे. स्क्रीनकडून सेकंदाला ६० किंवा १२० आकडे येतात, तर ध्वनीचे ४८,००० नमुने (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापे) तयार होतात. त्यामुळे दाबाच्या दोन आकड्यांमधले अंतर हळूहळू भरून काढावे लागते. मिडीमार्गे, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यातील संदेशांच्या ठरलेल्या पद्धतीने, स्वर पाठवताना दाबाच्या १२८ पायऱ्यांवर विसंबण्याऐवजी पिच बेंडच्या, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणाऱ्या संदेशाच्या, १६,३८४ पायऱ्या वापराव्यात.

नाद उशिरा येतो अशी तक्रार आल्यास आधी बफर, म्हणजे वाजण्याआधी एकत्र साठवले जाणारे नमुने, पाहावा: ४८,००० च्या दराने २५६ नमुन्यांच्या बफरला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात आणि ते चालण्यासारखे आहे. ब्लूटूथ स्पीकरमुळे होणारा विलंब मात्र बऱ्याचदा १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि टाळांशी ठेका जुळत नाही. भजनात वायरचाच स्पीकर जोडावा, ही सूचना ॲपमध्ये पहिल्याच पडद्यावर ठळकपणे द्यावी.