हिमस्खलन टाळायचं तर आधी उतार मोजा

हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेकांवर येणारा बर्फ त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनानं सुटलेला असतो. वाऱ्यानं घट्ट बसलेली लादी वर आणि तिच्याखाली साखरेसारखा मोकळा, दाणेदार थर असला, की आपल्या दाबानं तो नाजूक थर ढासळतो आणि अख्खी लादी घसरते. तडा बऱ्याचदा आपल्या वरच्या बाजूला जातो, आपण लादीच्या मधोमध असतो. पळायला जागाच उरत नाही.

बर्फाच्या पोटातले थर ओळखणं अनुभवी माणसालाही चुकवतं, उताराचा कोन मात्र कुणालाही मोजता येतो. अशा लाद्या प्रामुख्यानं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणून वाट 30 अंशांच्या आत आखा. मोजायला सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी उताराच्या दिशेनं बर्फावर दाबून खालच्या टोकाशी खूण करा. वरचं टोक जागेवर ठेवून खालचं टोक उचला आणि तिथून दुसरी काठी सरळ खाली लोंबू द्या. तिचं टोक नेमकं खुणेवर टेकलं तर उतार 30 अंशांचा. खुणेच्या खाली टेकलं तर त्याहून तीव्र. 120 सेंटिमीटरच्या काठीला खुणेखालच्या दर 10 सेंटिमीटरमागे सुमारे 3 अंश वाढवा. पायाखालचा उतार सौम्य असला तरी माथ्यावरचा कडक उतार विसरू नका, पायथ्याशी चालतानाही वरची लादी सुटू शकते.

निघण्याआधी त्या भागाचं हिमस्खलन-पत्रक वाचा. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. तिसरी ‘मधली’ वाटते आणि तिथंच फसगत होते: चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरी थांबतात, तिसरीला निघतात. आमच्या मते तिसऱ्या पातळीला 30 अंशांची मर्यादा ओलांडूच नये. कोणत्या दिशेचे आणि किती उंचीवरचे उतार धोक्याचे आहेत, हेही पत्रकात पाहा.

वाटेत ही चिन्हं दिसली तर मागे फिरा: शेजारच्या उतारावर ताजं स्खलन, पाय पडताच ‘ढप्प’ असा पोकळ आवाज, पायापासून पळत जाणाऱ्या भेगा, 24 तासांत 30 सेंटिमीटरच्या आसपास नवा बर्फ, अचानक वाढलेली ऊब किंवा पाऊस. वारा आडोशाच्या बाजूला बर्फ साठवतो, त्यामुळे आकाश निरभ्र असतानाही तिथला भार वाढत राहतो.

संशयास्पद उतार टाळता येतच नसेल तर एकेकानं ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवावी. खाली घळ, कडा किंवा झाडी असेल तर तो उतार सोडाच. छोटं स्खलनही तिथं खोल गाडतं किंवा आपटतं.

प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा शोध लावणारा, संदेश पाठवणारा आणि पकडणारा छोटा रेडिओ संच), किमान 240 सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपण्याची लांब सळई) आणि धातूचं फावडं हवं. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झवर चालतो आणि मोबाइल जवळ असला की गोंधळतो: प्रक्षेपणात 20, शोधताना 50 सेंटिमीटर अंतर ठेवा. निघताना एकमेकांचे संच तपासा.

कुणी गाडलं गेलं तर सगळा भार सोबत्यांवरच असतो. पहिल्या 10 मिनिटांत बाहेर निघालेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर फार तर तिसरा हिस्सा.

1. माणूस शेवटचा कुठं दिसला ते डोळ्यांत साठवा. उतार पुन्हा सुटणार नाही, हे पाहा.
2. सगळ्यांनी ट्रान्सीव्हर ‘शोध’वर टाका. एखाद्याचा प्रक्षेपणावर राहिला तर सगळे त्याच्याकडेच धावतील.
3. संचावर दिसणारं अंतर 3 मीटरवर आलं की तो बर्फाला टेकवून सावकाश, आडवा-उभा फिरवा.
4. सर्वांत कमी आकड्यापाशी प्रोब उताराला काटकोनात खुपसा, मग 25 सेंटिमीटर अंतरानं गोल गोल बाहेर सरका. माणसाला लागला की प्रोब काढू नका.
5. प्रोबच्या डोक्यावरून खणू नका, खालच्या उताराकडून खणा. माणूस 1 मीटर खोल असेल तर सुमारे दीड मीटर खाली उतरून सुरुवात करा. वरून खणलं तर त्याच्या श्वासाची पोकळी तुमच्याच वजनानं दबते.
6. आधी तोंड आणि छाती मोकळी करा. श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास, मग सीपीआर (छाती दाबणं आणि कृत्रिम श्वास).

बराच वेळ गाडला गेलेला माणूस गारठलेला असतो. त्याला आडवा ठेवूनच, झटका न देता हलवा. गारठलेलं हृदय धक्क्यानं लय सोडू शकतं.